तिसरी कढई

शके सतराशेच्या कार्तिकी एकादशीला सकाळी यज्ञेश्वरपंत नरक वाचून दाखवत होते आणि तुळजाबाई रताळी चिरत होत्या. पंतांची नवी ओवी आधी बायकोच्या कानांवर पडायची, मग देवळात. आज दुपारी कीर्तनात ते सगळा नरकखंड गाणार होते.

पहिल्या कढईत चोर होते, दुसरीत चहाडखोर. तिसरी कढई सर्वांत मोठी. तीत पेशवाईच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या काकासाहेबांच्या पक्षाचे लोक उकळत होते, कारण पंत त्यांना अडवणाऱ्या कारभाऱ्यांच्या पक्षाचे. त्यांच्या जोडीला आज जेवणारे भागवत, कारण पंत स्मार्त. भागवतांची एकादशी यंदा उद्या होती.

तुळजाबाईंचा हात विळीवर थांबला.

“अहो, या कढईत माझं अख्खं माहेर शिजतंय.”

“शास्त्र नाती बघत नाही.”

“मग तुमचे मावसभाऊ? तेही काकांच्याच चाकरीत. ते कुठं आहेत?”

पंत पानं चाळू लागले. “त्यांना अजून जागा केलेली नाही.”

तुळजाबाई हसल्या खऱ्या, पण मन माहेरी गेलं. माहेर वाघोलीला. सकाळी निघालं तर जेवायला पोचावं, इतकं जवळ. पण चार वर्षांपूर्वी एका पंगतीत सासरे-जावई राजकारणावरून भांडले. तेव्हापासून तिकडून बोलावणं नाही आणि इकडून पाठवणी नाही. आता हा नरक गावभर झाला, की माहेरची वाट कायमची बुजणार.

दुपारी देऊळ भरलं. पंत दुसऱ्या कढईशी आले आणि दारात अण्णा उभे राहिले, तुळजाबाईंचे वडील. पायांवर वाटेची धूळ. एकादशीला काकांच्या पक्षाला नरकात घालणार, ही पंतांनी पारावर मारलेली बढाई आधीच वाघोलीपर्यंत गेली होती. अण्णा थेट पुढं जाऊन बसले.

“चालू द्या,” ते म्हणाले. “आमची कढई आली का?”

बायकांत बसलेल्या तुळजाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

झांजा वाजत राहिल्या. पंतांनी हातातली पानं खाली ठेवली. चार वर्षांत म्हातारा पार वाकला होता. पंतांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बायकांच्या बाजूला पाहिलं, आणि कधी न लिहिलेली ओवी म्हटली:

“तिसरिये कढईत देखिला एक ।
जो पत्नीचे तोडी माहेर-सुख ।
जवळी जाता ओळखिले मुख ।
तंव तो मीच होतो ॥”

झांजा थांबल्या. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले.

“जावईबापू, जरा सरकून बसा. लेकीला चार वर्षं बोलावणं धाडलं नाही, तो म्हाताराही त्याच कढईतला.”

मग मात्र सगळं देऊळ हसलं. हसता हसता पुष्कळांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई वाघोलीला गेल्या. तिथं एकादशी असल्यामुळे त्यांना सलग दुसरा उपास घडला, पण त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. अण्णा पुढं सात वर्षं जगले, शेवटपर्यंत काकांचे. पंतांनीही पक्ष बदलला नाही, एकादशीही नाही. फक्त नरकखंडाच्या तिसऱ्या कढईत सासरे-जावई दोघंच राहिले. तुळजाबाई नवऱ्याआधी गेल्या. शेवटच्या दुखण्यात पंतांनी त्यांच्या उशाशी बसून स्वर्गखंड लिहायला घेतला आणि पहिल्याच ओवीत त्यांना बसवलं.

ओवी ऐकून तुळजाबाई म्हणाल्या, “अहो, खोडा ते. तुम्ही दोघं तिकडं कढईत, आणि मी इथं एकटी? मला नाही करमायचं.”