कोरी दोसुती

"टेरिकॉट म्हणजे लग्नातला पाहुणा, ताई. दिसायला झकास, घाम गाळायला बिनकामाचा," असं चिडवत मीच कुंदाताईंना सुताची जाड दोसुती घ्यायला लावली. त्या ज्युदो शिकवतात. त्यांची शिष्या वेणू हिची राज्याची निवड स्पर्धा होती. कुणी धरून ओढलं तरी उसवणार नाही, असा पोशाख तिला हवा होता.

"आटणार नाही ना, मास्तर?"

"चाळीस वर्षं शिवतोय. कोरं कापड भिजवल्याशिवाय माझी कात्री चालत नाही."

खरं तर लग्नसराईचे ब्लाऊज अंगावर पडले होते. दोसुती भिजवून वाळवायला दोन दिवस गेले असते. मी ती कोरीच कापली, बाह्या बोटभर लांब ठेवल्या आणि स्वतःची समजूत घातली.

वेणूनं हौसेनं पोशाख दोनदा धुतला. स्पर्धेच्या तपासणीत तिनं हात पुढे केले, तर बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. नियमानं बाही मनगटापर्यंत हवी आणि दुसरा पोशाख जवळ नव्हता. न खेळताच तिला परत पाठवलं.

"भिजवूनही आटलं म्हणजे कमालच! सुताचं काही खरं नाही. तुमचा काय दोष?" कुंदाताई म्हणाल्या. मी मान डोलावली.

परवा त्या टेरिकॉटचा तागा घेऊन आल्या. मुली मापासाठी रांगेत उभ्या राहिल्या.

"वेणू दिसत नाही?" मी विचारलं.

"तिनं सोडलं. म्हणते, पुन्हा माप द्यायला उभी राहणार नाही."