काहिलीतला समुद्र

“मॅडम, ट्रक उभे हायत. तुमचा समुद्र आटपा लवकर,” सरपंच उदयसिंह म्हणाला. ग्रामसभा खदाखदा हसली. भीमेच्या पात्रातली सगळी वाळू उपसायला द्यायची, एवढाच ठराव बाकी होता.

धम्मप्रिया गावच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिनं गुळाची काहील पारावर मांडली होती. एका बाजूला मातीचा किनारा, बाकी पाणी. किनाऱ्याच्या एका टोकाला नदीचं मुख धरून ती मूठमूठ वाळू सोडत होती. “ही आपल्या भीमेची. कृष्णेतून समुद्राला जाते.” दुसऱ्या हातातल्या फळीनं ती तिरक्या लाटा उठवत होती. लाट कणाला तिरकं वर ढकलायची, उतरतं पाणी सरळ खाली ओढायचं. अशा नागमोडी चालीनं वाळू किनाऱ्याकडेनं पुढं निघाली. किनारा वळला, तरी ती वळली नाही. तशीच पाण्यात घुसली आणि वाळूचा वीतभर दांडा उभा राहिला. दांड्याआड पाणी निवांत पडलं. तिथं काठावर तिनं काडेपेटीचं घर ठेवलं.

हसणारे जवळ सरकले. कण केवढा, काम केवढं! असलं बांधकाम एकाही ठेकेदाराच्या बापाला जमलं नसतं.

मग तिनं वाळू सोडणं बंद केलं. लाटा चालूच. दांडा झिजला, तुटला. काडेपेटी आडवी झाली.

“पर ते घर आपल्या गावातलं न्हाय की,” उदयसिंह म्हणाला. “समुद्रात वाया जानारी वाळू आपून घेतली, तर कुनाचं काय गेलं?”

माना डोलल्या. दुसऱ्याचं घर बुडताना माना लई लवकर डोलतात.

उदयसिंहाची आई वच्छलाबाई बायकांतून उठली. दर वर्षी भीमेची ओटी भरायचा मान तिचा.

“लेका, तुझी वैष्णवी सासरी निघाली तवा तिच्या ओटीतलं चार दानं मी माघारी ठिवलं. रीत हाय. घर भरल्यालं ऱ्हावं म्हनून. पर समदी ओटी हिसकून पोरीला रिकामी धाडली न्हाय. भीमाबी सासरीच निघालीया की.”

उदयसिंह आडव्या काडेपेटीकडं बघत राहिला. ट्रकवाल्यांना त्यानं हातानंच जायला सांगितलं. मग काहिलीपाशी उकिडवा बसला. मूठभर वाळू उचलली आणि नदीच्या टोकाला सोडली.

“थांबलाव का मॅडम? हलवा की लाटा.”