कोनाडाची पहिली ओळ

"ही दाक्षायणी कोण?"

चर्चेच्या पानावर कुणीतरी नव्यानंच विचारलं होतं. कोनाडाचा मुख्य मेंटेनर, म्हणजे शेवटचा शब्द ज्याचा तो माणूस, कोण असावा यावर मतं मागवली होती. शिवानंदच्या नावाखाली दाक्षायणीनं आपलंही नाव दिलं होतं. प्रश्न वाचून तिला हसूच आलं. कोनाडा म्हणजे कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं अशी विकीची पानं बनवायचं सॉफ्टवेअर. फुकट आणि सगळ्यांना खुलं. गावोगावच्या साइटी त्याच्यावर चालतात. त्याची पहिली ओळ तिनं लिहिली होती, जुळे सोलापुरातल्या ह्याच खोलीत बसून.

पण नेट तेव्हा शिवानंदच्या घरी. पेन ड्राइव्ह घेऊन ती त्याच्याकडं जायची आणि कोड त्याच्या खात्यावरून वर चढायचा. पुढं हिच्या घरी नेट आलं, तो पुण्याला गेला, तरी कोडचं खातं तेच राहिलं. पासवर्ड दोघांकडं. कॉलेजातला मित्र, तोंडभरून अक्का म्हणणारा, त्याच्याशी कसली वाटणी करायची! जुनी मंडळी हळूहळू पांगली. आता होते ते सगळे त्यानं पुण्याहून जोडलेले. कुणी काय केलं ते एकाच जागी राहिलं होतं: कोनाडाच्या स्वतःच्या विकीपानांच्या इतिहासात, जिथं जो तो आपापल्या नावानं लिहायचा. विकीत पान बदललं तरी आधीचं मागं राहतं, लिहिणाऱ्याच्या नावासकट.

तिनं उत्तरादाखल त्या इतिहासाचा दुवा टाकला. मग सहज स्वतःच उघडून बघितला.

'या पानाला जुना इतिहास नाही.'

दुसरं पान उघडलं. तिसरं उघडलं. तेच. पुसायचा अधिकार दोघांनाच होता, आणि तिनं काही पुसलं नव्हतं.

मुळात इतिहास पुसायची ही सोयच तिला नको होती. ही सोय दिली की चोरच ती आधी वापरणार, असं ती शिवानंदला वर्षानुवर्षं भांडून सांगत आली होती. मग दोन महिन्यांपूर्वी त्यानं सोनमची तक्रार तिच्याकडं पाठवली. सोनम मंगळवेढ्याची. ठरलेलं लग्न मोडलं म्हणून नवऱ्या पोरानं तिचा नंबर तालुक्याच्या साइटवर टाकला होता आणि खाली नाही नाही ते लिहिलं होतं. साइटवाल्यांनी ते खोडलं. पण इतिहासात ते तसंच होतं. दाक्षायणीनं तिला फोन लावला होता.

"ताई, पुसलंय म्हन्त्यात, पर मागं जाऊन बगितलं की हाय की तितंच. रोज कुनाकुनाचं फोन येत्यात. बा म्हनतो नंबर बदल. म्या का बदलू?"

दाक्षायणीनं हट्ट सोडला, सोय लिहिली, आणि सोनमला सांगितलं, "गेलं बघ. कायमचं."

आता तिनं शिवानंदला फोन लावला.

"शिवा, इतिहास कुठाय?"

"अगं अक्का, जुना कचरा लई साठला होता. साफ केला."

"माझं नाव म्हणजे कचरा?"

"असं कुठं म्हटलं मी? मतांच्या टायमाला उगं गोंधळ नको. आणि सोय तूच दिलीस की!"

"त्या सोनमची तक्रार तरी खरी होती का रे?"

"आईशप्पथ खरी होती. म्हणून तर तू ऐकलंस."

त्यानं फोन ठेवला. त्याचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. अक्का म्हणून गळा कापायचा तर असा, रक्तसुद्धा दिसू नये.

पण एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. तिची सोय पुसतच नव्हती. नुसतं झाकत होती. खरंखुरं पुसायला तिचा हातच धजला नव्हता, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सोनमलाही नाही. नव्या आवृत्तीत एक ओळ घातली की साइटी साइटींवरचं झाकलेलं सगळं उठून उभं राहिलं असतं. पासवर्ड अजून हातात होता. उठू दे! बघू दे सगळ्यांना ह्याचं थोबाड!

तिनं ती ओळ लिहिली. आधी आपल्या मशीनवर चालवून बघावी म्हटलं. त्यासाठी तिच्याकडं सोनमच्या कामावेळी घेतलेली मंगळवेढ्याच्या साइटचीच नक्कल होती.

ओळ बरोबर चालली. पहिल्यांदा वर आला सोनमचा नंबर. त्याखाली ती घाण, अक्षर न् अक्षर.

"ऊटा माडु बा, दाक्षी!" आई आतून जेवायला हाक मारत होती. "शिवाचाच फोन होता न्हवं? कधी येतो म्हनला?"

दाक्षायणीनं तो नंबर पुन्हा वाचला. कायमचं गेलं, असं तिनंच त्या पोरीला सांगितलं होतं. शिवानंद खोटारडा, मग ती कोण?

तिनं ती ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. पुसलेलं यापुढं खरोखर पुसलं जाईल. आजवर झाकलेलंसुद्धा. सगळीकडचं. त्यात तिची सगळी वर्षं आली, पहिल्या ओळीची नोंदही आली. हे तिला बटणावर बोट ठेवतानाच कळत होतं.

पण हे काम शिवानंदच्या नावावर जाणार नव्हतं. ती त्याच्या खात्यातून बाहेर पडली. कोडसाठी स्वतःच्या नावाचं नवं खातं उघडलं, कोड पाठवला, आणि आपण काय झाकून ठेवलं होतं तेही खाली स्वच्छ लिहिलं. शिवानंदनं बसल्या जागी मंजूर केला. त्याच्या फायद्याचाच होता.

लगेच तिच्या खात्यावर निरोप आला. नवख्यांना यंत्राकडून आपोआप जातो तो.

'दाक्षायणी, कोनाडात तुमचं स्वागत! हे तुमचं पहिलंच योगदान. असंच शिकत राहा.'