सत्तेचाळिसावं पान

अकोल्याच्या जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनात माधवीताईंनी आपलं जिवापाड जपलेलं पुस्तक मांडलं होतं. पासष्ट वर्षांपूर्वी अमरावतीत छापलेलं, शुद्धलेखनाचं.

"पहिली आवृत्ती ओळखायची खूण एकच," परतवाड्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याला त्या सांगत होत्या. "सत्तेचाळिसाव्या पानावर 'मला'च्या जागी 'मले' छापलंय. दुसऱ्या आवृत्तीत ती चूक सुधारली. म्हणून तर लोक आज ही चुकीची प्रत धुंडाळत फिरतात."

त्यांनी ते पान उघडलं आणि पुस्तक त्याच्याकडे फिरवू लागल्या.

"राहू द्या तसंच," म्हातारा म्हणाला. "मले उलटंच बरं वाचता येते."

आणि टेबलापलीकडून, सगळी अक्षरं डोक्यावर उभी असताना, त्यानं अर्धं पान घडाघडा वाचलं. 'मले'पाशी येऊन थांबला.

"उलटं वाचायला कुठं शिकलात, बाबा?"

"छापखान्यात. अक्षरांचे खिळे जुळवत होतो मी. खिळे उलटेच वाचा लागते. ह्या एका अक्षरापायी मालकानं हाकललं मले."

माधवीताई नकळत उभ्या राहिल्या. लेखक केव्हाच गेले होते, पहिलं पान सहीवाचून कोरंच राहिलं होतं. त्यांनी ते उघडून पेन दोन्ही हातांनी पुढं धरलं.

"इथं तुमची सही द्याल?"

म्हाताऱ्यानं पेन घेतलं नाही. पानं उलटत तो पुन्हा सत्तेचाळिसाव्या पानावर आला आणि 'मले'वर अलगद बोट टेकवलं.

"कायले, बाई? सही त मी तवाच करून ठेवली."