सोमवारचा फोन

ओट्यावर पालथ्या घातलेल्या पातेल्यावर ठेवलेला फोन खुळखुळला आणि सकाळपासून मुक्या पडलेल्या घराला कंठ फुटला. तिने ओल्या हातानेच तो उचलला. कॅमेऱ्याच्या दुकानातल्या काकूच होत्या. तिने त्या महागड्या, कुठेच न मिळणाऱ्या कॅमेऱ्यासाठी नंबर लावला, तेव्हापासून दर सोमवारी त्या फोन करायच्या, "अजून माल आला नाही गं" एवढंच सांगायला. पण बोलता बोलता तिच्या लेकीच्या खोकल्याचा विषय निघायचा, दूरगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याच्या रजेचा निघायचा, आणि शेवटी "तू जेवलीस का?" हेही विचारून व्हायचं. ते विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

"सुटलीस बाई एकदाची," काकू आज म्हणाल्या. "एकच आलाय आणि नंबर तुझाच आहे. आता माझी कटकट बंद."

तिने ओला हात पुसला. "काकू, माझ्या मागे कोण आहे?"

"आहे एक पोरगा. रोज येऊन डोकं खातो माझं. का गं?"

"त्याला देऊन टाका. मी पुढचा घेईन."

"अगं, एवढे दिवस डोळे लावून बसलीस आणि आता हे काय?"

"बसेन आणखी थोडी. सोमवारी फोन कराल ना?"

"करीन की. न करून सांगते कुणाला?"

तिने फोन ठेवला. पायाशी चित्र रंगवत बसलेल्या लेकीने मान वर केली.

"आई, कॅमेरा तर तू देऊन टाकलास. मग सोमवारी काय येणार आहे?"