पिल्लांच्या पाण्यातलं औषध

कोंबड्यांच्या शेडच्या जाळीची तार बोटात घुसल्याचं निमित्त झालं आणि वडिलांचा हात कोपरापर्यंत टम्म सुजला. पोल्ट्री सांभाळणारा मुलगा वॉर्डात एका जागी ठरत नव्हता.

"हेही अँटिबायोटिक लागू पडत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याआधी बरीच औषधं घेतलीत का यांनी?"

"छे हो. साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाहीत."

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. "नवी पिल्लं उतरवून घेतली. पाण्यात पावडर कालवू ना?"

"कालव की, नेहमीसारखी."

त्याने फोन ठेवला, तर बाई त्याच्याकडेच बघत होत्या. "कसली पावडर?"

त्याने नाव सांगितलं. बाईंनी सलाइनकडे पाहिलं. "इथेही तेच अँटिबायोटिक चाललंय. पिल्लं आजारी आहेत?"

"नाही. आजारी पडू नयेत, वजन लवकर धरावं, म्हणून रोजच देतो."

"मग तुमच्या शेडमधल्या जंतूंना ते केव्हाच पचलंय. तेच यांच्या बोटातून आत शिरलेत."

त्याने घाईघाईने घरी फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. या वेळी बायको शेडमध्ये असायची, धाकट्या लेकीला कडेवर घेऊन.