कपाटाची पाठ

"कपाट उघडा," परीक्षक साहेब म्हणाले, आणि सुतारकामाच्या वर्गात दोन वर्षांत पहिल्यांदा खरोखरीची शांतता पसरली.

लक्ष्मीकांत सरांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग पुन्हा शर्टाचा, जणू तेवढ्यात किल्लीला पाय फुटून ती तिथं चढून बसली असेल.

"किल्ली सुरक्षित जागी आहे," ते म्हणाले.

हे वाक्य समताला तोंडपाठ होतं. दर शनिवारी ती विचारायची, "सर, आज तरी रंधा मिळल का हाती?" आणि दर शनिवारी सर म्हणायचे, "किल्ली सुरक्षित जागी आहे. आधी थिअरी पक्की करा. हत्यार म्हणजे खेळणं नव्हे." मग फळ्यावर रंध्याची आकृती यायची. दोन वर्षांत समताच्या वहीत एकतीस रंधे झाले होते, बावीस पटाश्या, आणि कपाट तर इतक्या वेळा की तिनं ते झोपेतही काढलं असतं, बाणांसकट, नावांसकट, खाली पट्टीनं मारलेल्या रेघेसकट. बोटांना पेन्सिलीचे घट्टे पडले होते. लाकडाचं कुसळ मात्र एकही गेलं नव्हतं.

घरी आई, शालूबाई, रोज विचारायची, "काय बनोलं व आज?"

"वही."

"मंग भाकरी थापाले वहीवर बसू काय?"

शालूबाईचे गुडघे कामातून गेले होते. खाली बसलं की उठताना भिंत धरावी लागे. परीक्षेत बनवलेली वस्तू घरी न्यायला मिळते हे कळलं, त्याच दिवशी समतानं तिला स्टूल कबूल करून टाकलं होतं. परीक्षा आज होती. टेबलावर लाकडाचे तुकडे मांडलेले, हत्यारं कपाटात, कपाटाला किल्लीशिवायच, नुसतं दाबलं की खटकन बसणारं कुलूप, आणि साहेबांना गाठायची होती दुपारची बस. प्रात्यक्षिक झालं नाही तर अख्ख्या वर्गाला शून्य. मग कुठलं स्टूल अन् कुठलं काय!

"फोडा ते कुलूप," मुख्याध्यापिका प्रतिमा मॅडम म्हणाल्या.

सर कपाटापुढे आडवे आले. "सरकारी मालमत्ता आहे, मॅडम. ठराव लागतो."

"मग धामणगावहून एखादा सुतार बोलवा!"

सुतारकामाच्या वर्गातले सव्वीस विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले.

"मंग आपुन कोन आहो बे?" मागच्या बाकावरून अश्वजित कुजबुजला.

समता उठून उभी राहिली. नववीत असताना ती हजेरीलासुद्धा अशी उठत नसे.

"मॅडम, कुलपाले हातच नाई लावा लागत. कपाट मांगून उघडते."

"खाली बस," सर म्हणाले.

"सर, तुमीच तं शिकवलं. धडा सातवा. कपाटाची पाठ सगळ्यात शेवटी लागते, म्हणून सगळ्यात आधी निघते. प्लायची अस्ते, बारीक खिळ्यांची. मले त्याच्यात पैकीच्या पैकी होते!"

एरवी अशा उत्तराला सर 'शाब्बास' म्हणायचे. आज ते विसरले.

"नको व माय," ते म्हणाले. दोन वर्षं पुस्तकातलं मराठी बोलणाऱ्या सरांच्या तोंडून पहिल्यांदाच घरची बोली निघाली. "थांब ना जराशी. मी पाह्यतो काहीतरी."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "करू द्या तिला."

आता हत्यारं काढायला हत्यार हवं, आणि हत्यारं तर कपाटात. समता पळत गेली ती शाळेच्या खिचडीच्या खोलीत, आणि आली ती पातेल्यात ढवळायचा लांब लोखंडी सराटा परजत. त्याला अजून दोन शितं चिकटलेली होती. या वर्गात वापरलं गेलेलं ते पहिलं हत्यार.

चौघांनी कपाट भिंतीपासून ओढलं. समता मागच्या फटीत शिरली. सराट्याचं टोक प्लायच्या कडेत घुसलं. कर्र झालं. लाकूड आधी नाही म्हणतं, मग हळूच हो म्हणतं, हे कुठल्याच बाणाखाली लिहिलेलं नव्हतं. ते तिला मनगटात कळलं, आणि तिला इतकं हसू आलं की विचारू नका. एक खिळा सुटला. मग दुसरा. मग सगळी ओळच.

प्लाय बाजूला झाला. आत रंधे, पटाश्या, करवती, सगळं दुकानातून आलेल्या तेलकट कागदात जसंच्या तसं. आणि दाराच्या आतल्या अंगाला, एका नव्याकोऱ्या आकड्यावर, एक किल्ली लटकत होती. तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. अक्षर फळ्यावरचं, वळणदार: 'कपाटाची किल्ली. हरवू नये.' खाली तारीख. वर्ग सुरू झाला त्या पहिल्या दिवसाची.

"काय ग, सापडलं का काही?" पलीकडून प्रतिमा मॅडमनी विचारलं.

समतानं कपाटाच्या कडेनं डोकावून पाहिलं. सर खिसे चाचपायचे थांबले होते. ते फक्त तिच्याकडे बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे.

तिनं आकड्यावरची किल्ली मुठीत घेतली, दुसऱ्या हातानं एक रंधा उचलला आणि बाहेर आली. रंधा चांगलाच जड होता. वहीतले एकतीस मिळून इतके जड नव्हते. सरांच्या जवळून जाताना तिनं ती मूठ त्यांच्या शर्टाच्या खिशात अलगद रिकामी केली.

"सगळं हाये, मॅडम," ती म्हणाली. "अन् सर बिलकुल खरं बोलत होते. किल्ली लई सुरक्षित जागी होती."